पातेली खाली, शेगड्या वर

समस्त करवीरवासीयांस, तसेच युरोप खंडातील ज्यांना मराठी वाचता येत असेल अशा सर्व राष्ट्रप्रमुखांस, या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या खंडाने शेकडो वर्षे रक्त सांडून जी एकी मिळवली, तिची फेरतपासणी एका रविवारी संध्याकाळी शिवाजी पेठेत करण्यात आली. तपासणीकामी दोन तालमी, बरंचसं मटण आणि एक गोलकीपर वापरण्यात आला. गोलकीपर माझा होता.

आता हे सांगताना मी हातवारे करतो, आवाज काढतो, लोक हसतात. पण त्या आठवड्यात माझ्या घशाखाली भाताचं शीत उतरत नव्हतं.

आमची गल्ली चढावर आहे. चढाच्या टोकाला आमची वरची तालीम, उताराच्या पायथ्याला खालची. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती तिचा, फुटबॉलचा संघ तिचा, भांडण तिचं आणि भांडण मिटल्यावरचं जेवणही तिचंच. मी जन्मानं वरचा. बायको खालची. तिचा भाऊ खालच्या संघाचा प्रशिक्षक. त्यानं भाच्याला चालता येत नव्हतं तेव्हापासून खांद्यावर टाकून मैदानावर नेलं, आणि पोरगं खालच्या संघाचा गोलकीपर झालं. म्हणजे झोपायला वर, खेळायला खाली. कोल्हापुरात याला घराणं म्हणत नाहीत, घातपात म्हणतात.

गेल्या वर्षी या दोन संघांचा सामना झाला आणि नंतर गल्लीत दगड उडाले. खालच्या संघातल्या एका बचावपटूच्या डोळ्याला दगड लागला. डोळा जागेवर राहिला, पण नजर उणावली. आता तो समोरच्याकडं बघताना मान एका अंगाला कलती करतो, चिमणीसारखी. दगड कुणी मारला ते पुढं आलं नाही. पण मारणारा आमच्याच गल्लीत राहतो, रोज माझ्यासमोरून जातो, कदाचित मला नमस्कारही करतो, हे मला माहीत होतं. यंदा अंतिम सामना पुन्हा याच दोघांत लागला.

आठ दिवस आधी आमच्या खिडकीखाली काही पोरं हलगी घेऊन उभी राहिली. ताल धरून म्हणू लागली:

"किपर भावा, खेळशील झ्याक! किपर भावा, घरला येशील कुठनं?"

पोरगा आतल्या खोलीत खो खो हसला. बायकोनं खिडकी लावली. मी पलंगाच्या कडेवर बसलो. प्रश्न अगदी बरोबर होता. घरला येशील कुठनं? आमच्या घराला दुसरी वाट नाही.

पोलिसांनी शांतता समितीची बैठक बोलावली. इन्स्पेक्टर साहेब नवीन होते, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मी शाळेत इतिहास शिकवतो आणि बरा बोलतो. "सर, दोन शब्द बोला," ते म्हणाले. मला! दोन शब्द! एका बाजूला वरच्या तालमीचे अध्यक्ष बसले होते. त्यांचा वेल्डिंगचा कारखाना आहे आणि हात कढईएवढे आहेत. दुसऱ्या बाजूला माझा मेहुणा. दोघं बालवाडीपासूनचे दोस्त, आणि गेल्या वर्षापासून एकमेकांशी भिंतीकडं बघून बोलत होते. मी भीतीनं गारठलो होतो. आणि मी घाबरलो की बोलत सुटतो. मी थेट युरोपात गेलो.

मी म्हणालो, "मंडळी, युरोपातल्या लोकांचं सगळं एक होतं. रोमनांनी बांधलेले रस्ते एक. त्यांचं राज्य बुडालं तरी शिकलेल्या लोकांची लॅटिन भाषा एक. विद्यार्थी या देशातून त्या देशात शिकायला पायी जायचे आणि तिथल्या गुरुजींचं कळायचं. प्रार्थना एक, सण एक, चर्चच्या कमानी एकसारख्या."

"सर," अध्यक्ष म्हणाले, "रोम कुठल्या वॉर्डात येतंय?"

"मग त्याच धर्माच्या दोन पंथांवरून त्यांनी तीस वर्षं एकमेकांना कापलं. गावंच्या गावं ओस पडली. एका फ्रेंच सम्राटानं तलवारीनं सगळ्यांना एक करायचं ठरवलं, तेव्हा सगळे एक झाले खरे, पण त्याच्याविरुद्ध. पुढं पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्लंडचा राजा, जर्मनीचा सम्राट आणि रशियाचा सम्राट हे नात्यानं भाऊ-भाऊ होते. लाडक्या नावानं एकमेकांना पत्रं लिहायचे. तरी लाखो पोरं चिखलात मेली. तेव्हा आमची एक आरती हाय, एक मिसळ हाय, आमच्यात सोयरीक हाय, यावर विसंबू नका. सोयरीक तर राजांच्यातही होती."

"दाजी, च्या गार व्हाय लागलाय," मेहुणा म्हणाला. पण तो ऐकत होता. कप त्याच्या हातातच होता.

"दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनी दमले. तोफ करायला पोलाद लागतं, पोलाद करायला कोळसा लागतो. आजवर भांडण सरहद्दीवरच्या कोळशाच्या पट्ट्यासाठी. मग त्यांनी आणखी चार शेजारी घेतले आणि कोळसा-पोलाद सगळ्यांच्या सामाईक मंडळाच्या ताब्यात दिलं. आता कुणाला गुपचूप तोफ ओतता येईना. आणि हे काही प्रेमानं झालं नाही बरं का! फ्रान्सला जर्मनीच्या कोळशावर डोळा ठेवायचा होता, जर्मनीला पुन्हा चारचौघांत बसायचं होतं. ज्यानं त्यानं आपला फायदा बघितला. त्यातनं पुढं बाजार एक झाला, बऱ्याच देशांत नाणं एक झालं, सरहद्दीवरच्या चौक्या ओस पडल्या."

"ते झालं," अध्यक्ष म्हणाले, "पर आमच्यात कोळसा कुठला म्हणायचा?"

इथं माझ्या जिभेवर शनी बसला.

"रस्सा," मी म्हणालो.

सगळे गप्प झाले. कोल्हापुरात या शब्दाला गप्प व्हावंच लागतं. सामना जिंकला की तालमीत तांबडा-पांढरा शिजतो. त्याशिवाय जिंकल्याचं कुणी धरत नाही. दोन्ही तालमींकडं जेवणावळीची मोठी पातेली आहेत आणि गॅसच्या मोठ्या शेगड्या आहेत. मी सुचवलं, दोघांची सगळी पातेली खालच्या तालमीत ठेवा आणि दोघांच्या सगळ्या शेगड्या वरच्या तालमीत. कुणीही जिंको, हरलेल्याच्या दारात गेल्याशिवाय त्याचा रस्सा शिजणार नाही.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "उत्तम!"

मला वाटलं होतं तालमी हसतील आणि सोडून देतील. पण अध्यक्ष म्हणाले, "आमास्नी मंजूर हाय. पातेली आणाय आमीच जाणार की, वाजत गाजत." मेहुणा म्हणाला, "आनि शेगड्या न्यायला आमी येनार." दोघांनी हात मिळवले. दोघंही दुसऱ्याला हरवण्याच्या आनंदात होते. युरोपाचंही असंच झालं असेल, असं वाटून मी गुदगुल्या झाल्यासारखा घरी आलो आणि बायकोला सगळं साभिनय सांगितलं.

ती कणीक मळत होती. हात थांबला.

"म्हणजे खालचे जिंकले, तर आपला पोरगा शेगड्या न्यायला वरच्या तालमीच्या दारात येणार? ही माणसं नुकतीच हरून, पेटून बसली असतील, तेव्हाच?"

पहिल्या महायुद्धानंतर शहाणी माणसं शांततेचा करार करायला बसली होती. त्यांनी हरलेल्याला इतकं खाली वाकवलं की पुढचं युद्ध त्या कागदावरच उगवलं. हा धडा मी दर वर्षी शिकवतो, फळ्यावर आकृती काढून. आणि मी स्वतः काय केलं? मारामारीला वेळ आणि जागा नेमून दिली.

मी धावत अध्यक्षांकडं गेलो. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. काच डोळ्यांवरून वर न करताच ते बोलले, "आता न्हाय सर. सायबाम्होरं शब्द दिलाय." मेहुण्याकडं गेलो. तो म्हणाला, "दाजी, भिऊ नगा. ते पोरगं माजं बी हायच की." पण हे म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

त्या आठवड्यात मी वर्गात युरोपचा नकाशा काढला की खडू तुटायचा. पोरांना सांगत होतो की तिथं आज माणूस सकाळी एका देशात न्याहारी करून दुपारी दुसऱ्यात जेवतो, कुणी अडवत नाही. आणि मनात येत होतं, त्या एकीतून एक देश दार उघडून निघून गेला, आणि तिच्या पूर्वेच्या उंबऱ्यावर पुन्हा तोफा वाजताहेत. ही एकी भाकरीच्या पिठासारखी, रोज नव्यानं मळायची. आमचं तर पहिलंच मळणं होतं.

पोरगा मात्र शांत. त्यानं कीपरचे हातमोजे धुऊन गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातले, अख्ख्या वरच्या गल्लीला दिसतील असे. मी आत आणले. त्यानं पुन्हा बाहेर घातले.

"वाळू देत की पप्पा."

"बघताहेत सगळे."

"बघू देत की."

रविवारी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. दोन्ही तालमींनी आपणच जिंकणार म्हणून सकाळीच मटण आणून ठेवलेलं. खालच्यांचं पातेल्यांत, वरच्यांकडं पातेली नव्हती म्हणून प्लास्टिकच्या टबांत. दोन्हीकडं आलं-लसूण, हळद, मीठ लावून झाकून ठेवलं होतं.

मी वरच्यांच्या गर्दीत बसलो, वरच्यांच्या रंगाचा रुमाल गळ्यात बांधून. बायकोचा सल्ला. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीवर आला. शेवटची पेनल्टी वरच्यांची होती. त्यांचा पट्टीचा पोरगा धावत आला, आणि माझ्या मुलानं डावीकडं झेप घेतली. मनात मी दोन प्रार्थना एकदम केल्या, अडव आणि नको अडवू. त्यानं अडवली. माझे हात टाळीसाठी वर गेले. आजूबाजूला चिडीचूप. मी ते हात तसेच डोक्यावर नेले आणि मोठ्या दुःखानं केस धरले. शेजारचा म्हणाला, "रडू नगा सर." मी खरंच रडत होतो.

घरी पळत आलो. वरची गल्ली भरत चालली होती. कुणी बोलत नव्हतं, आणि हेच मला सोसवेना. ही माणसं ओरडतात तेव्हा बरं असतं. तालमीच्या बंद दारासमोर अध्यक्ष उभे राहिले, किल्ली मुठीत. मागं पोरं. एकाचा हात पाठीमागं होता. त्या हातात काय आहे ते मला दिसत नव्हतं आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

चढावर खालचे दिसले. मेहुण्यानं हलगी बंद ठेवली होती. नुसत्या चपलांचा आवाज. पुढं माझा मुलगा, हातमोजे अजून घातलेलेच. त्याच्या बाजूला तो डोळ्याचा पोरगा. मी जिन्यावरून शेवटच्या पायरीपर्यंत उतरलो.

ते दारापाशी आले.

"शेगड्या न्यायला आलोय," मेहुणा म्हणाला.

अध्यक्ष हलले नाहीत. "माहीत हाय."

"मग उघडा की."

"उघडतो की. गडबड काय हाय? कप घेतलासा, आता दार बी मोडून न्या."

"मोडायची भाषा कोन करतंय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "किपर, आलास का घरला?" कुणी हसलं नाही. मुलाचा चेहरा पहिल्यांदा पांढरा पडलेला मी पाहिला. डोळ्याच्या पोरानं मान कलती केली आणि वरच्या पोरांकडं एकेक करून बघू लागला, सावकाश. कुणाला ओळखत होता म्हणून नव्हे. त्याला तसंच बघावं लागतं. पण ज्याचा हात पाठीमागं होता तो एक पाऊल मागं सरला. दुसरा एक पुढं सरला. अध्यक्षांची मूठ आवळली. वारा नव्हता, आणि त्या उन्हाळी हवेत प्लास्टिकच्या टबांकडून एक आंबूस वास आला. मला वाटतं तो सगळ्यांनाच आला, पण नाक वर करायची ती वेळ नव्हती.

कुलूप का उघडलं यावर पेठेत आजही दोन मतं आहेत. वरचे म्हणतात, अध्यक्षांचा मोठेपणा. खालचे म्हणतात, साहेबांची गाडी कोपऱ्यावर दिसली. मी तिथंच होतो, आणि गाडी आली तेव्हा शेगड्या बाहेर निघाल्या होत्या, वरच्यांचे टबही त्यांच्या मागून उतारावर चालले होते, आणि माझा मुलगा अध्यक्षांबरोबर एका शेगडीची दोन टोकं धरून "जरा हळू, काका" म्हणत होता. किल्ली फिरली ती त्याच्या आधी, एका हाकेनं. आमच्या गॅलरीतून बायको कठड्यावर अर्धी बाहेर वाकली होती. आठवडाभर तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेणारी ती बाई, माहेर खाली आणि सासर वर असलेली, गळ्याच्या शिरा ताणून ओरडली:

"आरं मुडद्यांनो, दोन्हीकडचं मटण नासाय लागलंय की! भांडणं काय, जेवल्यावर करा!"