गेणू मिस्त्रींचा शेक

गेणू मिस्त्रींना कुठलीही तापलेली वस्तू दिसली की ते मधलं बोट पाण्यात बुडवून तिच्यावर झटकायचे. मग तो चुलीवरचा तवा असो, उन्हातला पत्रा असो, नाहीतर पौडच्या स्टँडवर धापा टाकत येऊन उभ्या राहिलेल्या एसटीचं बॉनेट असो. थेंब पडला की मान वाकडी करून बघायचे. "बसला तर गार, नाचला तर बरोबर, उडाला तर जळतंय," हे त्यांचं शास्त्र. पाणी हाताशी नसलं तर थुंकीवर भागवायचे. माझ्या दाराची बिजागरी बसवायला आले असताना त्यांनी माझ्या चहाच्या किटलीवर असंच भागवलं, ती आमची पहिली ओळख. मी रागावले. ते म्हणाले, "गार हाय बाई. प्या खुशाल."

मी तेव्हा पौडच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. नवरा पुण्यात एका छापखान्यात नोकरीला. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. परसातल्या कुडापलीकडे गेणू मिस्त्रींची कामाची पडवी होती. साठीचं वय, अंगात मळकी बंडी, कानावर पेन्सिल आणि डाव्या करंगळीचं एक पेर गायब. ते कुठे गेलं असं विचारलं तर म्हणायचे, "कुनाच्या तरी दारात बसलं आसंल." लवळ्यापासून वर मुळशीच्या धरणापर्यंतचे बरेचसे नांगर, कुळव आणि गाड्या त्यांच्या हातच्या. मी त्यांना गेणूदादा म्हणायचे.

त्या वर्षी त्यांना फिडल करायचं वेड लागलं होतं. कुठल्याशा नाटक मंडळीतला फिडलवाला पावसात पौडला अडकला होता. त्याचं निखळलेलं फिडल गेणूदादांनी सरसाने सांधून दिलं, आणि परत करायच्या आधी त्याची सगळी मापं पडवीच्या भिंतीवर पेन्सिलीने उतरवून घेतली. वाजवता त्यांना येत नव्हतं, गावात कुणालाच येत नव्हतं. "जल्मभर केलं ते समदं बैलामागनं गेलं," ते म्हणायचे, "एक तरी काम बैल न जुपता चालावं."

फिडलच्या पोटाला कडेने नखाएवढ्या जाडीची लाकडाची पट्टी असते, सहा तुकड्यांत जोडलेली. ती नागमोडी वाकवायची तर लोखंडी नळी उभी करून तापवायची आणि ओली पट्टी तिच्यावर दाबत दाबत वळवत न्यायची. धरणाच्या कामावरून आलेला नळाचा एक तुकडा त्यांच्याकडे होता. शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या तासून तयार होत्या. नळी कशावर तापवायची एवढंच ठरत नव्हतं, असं ते सगळ्यांना सांगायचे.

आता माझं सांगते. त्या आषाढात मला आठवा महिना होता. नदीला पूर, एसटी बंद. दोन दिवस कळा दिल्यावर भागूबाई सुइणीने मला सोडवलं. मुलगी होती, ती रडलीच नाही. नवरा चौथ्या दिवशी पोहोचला, तोवर सगळं उरकलं होतं. त्या दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही, कारण मला काही वाटतच नव्हतं. भूक नव्हती, दुःखही नव्हतं. लोक येऊन बसत, मी त्यांच्या तोंडाकडे बघत असे.

आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना शेक देतात. निखाऱ्यांची शेगडी खाटेखाली ठेवायची, तिच्यावर ओवा-शेपा टाकायचा. सासूबाईंनी मातीची नवी शेगडी महिनाभर आधीच पाठवून ठेवली होती, तिच्यात ओव्याची पुरचुंडीही बांधून ठेवलेली. भागूबाई शेगडी पेटवायला आली तेव्हा मी तिला हाकललं. बाळ नाही तर बाळंतीण कसली? ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "पोर न्हाई, पर अंग तर बाळंतिणीचंच हाय नव्हं? गारठा हाडांत बसंल. हात-पाय कामातनं जातील, बाई." तिचं खरं व्हायला लागलं होतं. बोटं पांढरी पडायची. हातातली वाटी गळून पडायची आणि आवाज झाला की मला कळायचं. रजा संपली की शाळेत खडू कसा धरणार, असं नवरा विचारायचा. त्याचंही मला काही वाटत नव्हतं.

अशा वेळी गेणूदादा एका दुपारी कुडावरून डोकावले. मी परसात पाटावर नुसती बसले होते. म्हणाले, "बाई, जरा पट्टीचं टोक धराया या."

मी म्हटलं, हौसाबाई आहेत ना. हौसाबाई म्हणजे त्यांची बायको.

"ती धरती, पर धरताना बोलती. बोलली की हात हालतो, आन पट्टी मोडती. मला न हालणारं मानूस पायजे. तुमी न्हाईतरी दगडावानी बसल्यात."

इतकं तुसडं त्या दिवसांत माझ्याशी कुणीच बोललं नव्हतं. सगळे कुजबुजत बोलायचे. मी उठले आणि गेले.

पडवीत पंपाचा स्टोव्ह पेटला होता आणि त्याच्यावर तिवईत नळी उभी. गेणूदादांनी बोट झटकलं, थेंब नळीवर नाचला. त्यांनी ओली पट्टी टेकवली, दुसरं टोक मी धरलं. वाफ आली, ओल्या लाकडाचा वास सुटला. पट्टी बऱ्यापैकी वळत होती. तेवढ्यात गेणूदादांनी ओरडून माझं मनगट बाजूला ढकललं. माझं बोट नळीला चिकटून राहिलं होतं. कातडी जळाल्याचा वास मलाही आला, पण तो माझाच आहे हे मला कळलं नव्हतं.

हौसाबाई तूप घेऊन धावल्या. गेणूदादांनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग तोंडाकडे. मग स्टोव्हची चावी सोडली. फुस्स करून स्टोव्ह बसला.

"ह्यो शेक बरोबर न्हाई," ते म्हणाले. "उद्या दुसरं बगू."

दुसऱ्या दिवसापासून कोळसा. डोंगरातली कातकरी माणसं कोळशाची पोती घेऊन उतरायची, त्यातलं एक पोतं त्यांनी घेतलं. चार दिवस कोळसा चालला. पट्ट्या करपायच्या नाहीतर मोडायच्या, निदान मला तसं दिसायचं. "कोळसा तापट जातीचा," गेणूदादा म्हणायचे. "आत्ता गप, आत्ता अंगावर. लाकडाला भाजायचं नसतंया बाई, शेकायचं असतंया. भाजलं तर वरनं काळं, आत तसंच गार." शनिवारी नवरा आला. छापखान्यात विजेच्या शेगडीवर सरस तापवतात, तशी मिळाली तर किती बरं, असं म्हणाला. गेणूदादांनी पडवीबाहेर येऊन आभाळाकडे बोट केलं. "वीज हाय की. हितलंच पानी आन हितलीच वीज. ती तार बगा, डोक्यावरनं ममईला जाती. खाली उतर म्हनलं तर उतरत न्हाई." नवरा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असेल, मी नुसती बघत होते.

सोमवारी सकाळी गेणूदादा माझ्या दारात आले आणि सरळ म्हणाले, "ती मातीची शेगडी पडून हाय नव्हं तुमच्याकडं? द्या."

शेजारच्या सोनारीणबाई माझ्याकडे बसल्या होत्या. त्या दचकल्या. असल्या घरातली असली शेगडी कुणी मागून नेतं का, काहीतरीच काय मिस्त्री, असं त्या म्हणाल्या. गेणूदादा आत आले, माळ्यावरून शेगडी उतरवली, फुंकर मारून धूळ उडवली. "शेगडी हाय, भूत न्हाई," म्हणाले, आणि ओव्याच्या पुरचुंडीसकट घेऊन गेले. मी अडवलं नाही. अडवायला काहीतरी वाटावं लागतं.

आमच्या मुळशीत भात हे एकच पीक, त्यामुळे तुसाला तोटा नाही. गेणूदादांनी शेगडीत तळाला चार निखारे ठेवले, मधोमध नळी उभी केली आणि भोवती तूस ठासून भरला. तूस भडकत नाही. आतल्या आत धुमसतो, आणि एकदा भरला की दुपारभर पुरतो. मग त्यांनी पुरचुंडी सोडून चिमूटभर ओवा वर टाकला. हे कशाला, मी विचारलं.

"लाकडात कीड आसती. ओव्याच्या धुरानं मरती."

मला ते पटलं. मी शिकलेली बाई, मुलींना शास्त्र शिकवणारी, आणि मला ते पटलं. पट्टी सरळ यावी म्हणून मी शेगडीकडे तोंड करून बसायचं, हेही पटलं. पाय लांब करून शेगडीला लावले की बैठक पक्की होते, म्हणून तेही केलं. रोज हौसाबाई वाटीभर हळिवाची खीर पुढे करायच्या. पडवीत काम करणाऱ्याने रिकाम्या पोटी बसायचं नाही, अशी या घरची रीत असल्याचं त्यांनी सांगितलं. मी खीर खायची आणि टोक धरून बसायची. गेणूदादा पट्टीमागून पट्टी मोडायचे. "तूस ओला व्हता." "नळी वाकडी बसली." रोज नवं कारण. एवढा नावाजलेला मिस्त्री आणि त्याला एक पट्टी वाकवता येत नाही, याची मला थोडी कीव यायला लागली. त्या पावसाळ्यात मला वाटलेली ती पहिली गोष्ट.

असे तीन आठवडे तरी गेले असतील. एका दुपारी पट्टी फिरवताना माझ्या हाताचा मागचा भाग नळीला जेमतेम टेकला.

"आई गं!" मी किंचाळले आणि पट्टी टाकून हात तोंडात घातला.

गेणूदादा थांबले. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, नळीवर झटकलं. थेंब नाचला. पण ते थेंबाकडे बघत नव्हते.

"हां," ते म्हणाले. "ह्यो शेक बरोबर."

हात चांगलाच चुरचुरत होता. चुरचुर कोपरापर्यंत आली, आणि मग मी रडायला लागले. हुंदके देऊन, मोठ्याने, माझ्या मुलीचं न ठेवलेलं नाव घेऊन रडले. ते नाव मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. गेणूदादांनी माझ्याकडे पाठ केली आणि रंधा साफ करायला घेतला. "हौसे," ते आत बघून म्हणाले, "दार उघड मागलं. धूर लई झालाय. बाईंच्या डोळ्यांत जातुया."

दोन दिवसांनी त्यांनी मला सांगितलं की पट्ट्या जमल्या, उद्यापासून यायचं काम नाही. दिवाळीत फिडल तयार झालं. त्यांनी तारांवर गज ओढला तेव्हा गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली. "बैल लागत न्हाई, पर गाय उठती," म्हणाले आणि फिडल खुंटीला लावून टाकलं. मी शाळेत रुजू झाले होते. पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि आम्ही पुण्याला बिऱ्हाड केलं. नंतर दोन मुलं झाली. गेणूदादांना वर्षातून एखादं पत्र टाकायचे, त्यांचं उत्तर पोस्टमास्तर लिहून द्यायचे.

ते गेल्याचंही पोस्टमास्तरांनीच कळवलं. मी चौथ्या दिवशी पौडला गेले. हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी शेजारी बसले. इतक्या वर्षांनी मला पुन्हा तसंच वाटत होतं, म्हणजे काहीच वाटत नव्हतं. खुंटीला फिडल होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "याच्या पट्ट्या मी धरल्या होत्या."

हौसाबाईंनी मान हलवली. "न्हाई वो. त्या मी धरल्या व्हत्या. ईस्टोवर. सहाच्या सहा, दोन रोजांत झाल्या. तुमाला बोलावलं त्याच्या आदीच साच्यात बांधून ठिवल्या व्हत्या."

मला आधी नीट कळलंच नाही. मी विचारलं, "मग माझ्या?"

"तुमी धरलेली एक बी त्यात न्हाई. समद्या चुलीत गेल्या. म्या लई भांडले, शिवणीचं चांगलं लाकूड मोडून मोडून जाळतायसा म्हनून. तर म्हनले, जळू दे. बाईला शेक तर लागतुया."

मी फिडलकडे बघत राहिले. मग मला दिसेनासं झालं. घरात सुतक होतं, चार दिवस चूल पेटलेली नव्हती, आणि या वेळी धुराचं नाव सांगायचीही सोय नव्हती.