पंपाचं तोंड बंद केलं त्याची गोष्ट

मूर्खपणाची वाटणी करता आली असती, तर थोडा तुमच्याही पदरात टाकला असता. पण काय करू, हा सगळा माझाच! तेव्हा चहा संपेपर्यंत ऐकून घ्या.

बोईसरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनीअर. एके सकाळी आमचा थंड पाण्याचा मोठा पंप खडखडायला लागला, आत खडी भरल्यासारखा. पंपावरचे जुने ऑपरेटर, दांडी गावचे काशिनाथदादा, कान लावून म्हणाले, "सायेब, पंपाला पानी कमी येतंय. जाली उघडा, कचरा आडकला हाय."

पंपाच्या तोंडावरची जाळी उघडायची म्हणजे प्लांट बंद! मॅनेजर मला कच्चा खाईल! शिवाय मी शिकलेला ना? म्हटलं, "दादा, याला कॅव्हिटेशन म्हणतात. पाण्यात बुडबुडे होतात, फुटताना पंपाचं पातं खातात. पाण्यात पॉलिमर विरघळवलं की बुडबुडे दबतात. वाचलंय मी!"

"वाचलं आसंल. पन कचरा कुटं जाईल?"

सांडपाण्याचा गाळ बसवायला पॉलिमरची पावडर ठेवलेलीच असते. बादलीत नीट विरघळवून पंपाला पाणी देणाऱ्या टाकीत सोडली. आणि खडखड खरंच कमी! जेवताना मी तीन टेबलांवर भाषण दिलं.

दुपारी खडखड परत सुरू. पॉलिमरच्या लांब साखळ्या पंपच तोडून टाकतो, हे पुढच्या पानावर होतं. नेमकं तेच मी वाचलं नव्हतं! चिडून अर्धं पोतं कोरडंच ओतलं.

कोरड्या पावडरचे पाण्यात गोळे झाले. शेंबडासारखे! जाळी ठार बंद, पंप जळाला, प्लांट उभा. पंप उघडला तर पात्याची चाळण.

"कोणी टाकलं हे?" मॅनेजर ओरडले.

सगळ्यांनी काशिनाथदादांकडे पाहिलं. पंप त्यांचा ना! आणि मी? मी वाकून बुटाची नाडी बांधत होतो. माझ्या बुटाला नाडी नाही.

दादांना घरी बसवलं. चार दिवस मला अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी मॅनेजरपुढे कबुली दिली आणि तडक दांडी गाठली. दादा अंगणात जाळं शिवत होते.

"दादा, मी सांगितलं सगळं. तुम्हाला परत बोलावलंय."

"तुमी टाकलं ते सगल्यांना म्हाइत व्हतं, सायेब. तुमी कवा बोलता, सगले त्येच बगत व्हते."

"मग चला ना!"

"नाय. जितं माजं कोन आयकत नाय, तितं कान कशाला लावू?"

आता दुरुस्त झालेल्या त्या पंपावर माझीच नेमणूक आहे. रोज कान लावून उभा असतो. लोक विचारतात, "साहेब, काय म्हणतोय पंप?"

काय सांगू? मला धड पंप आणि बिघडलेला पंप सारखाच ऐकू येतो!