पानभुंग्यांच्या बाई

भुंगा दाखवायला गेलं की बाई आधी भुंग्याकडे बघायच्याच नाहीत. ‘‘पान कुठलं होतं?’’ हा पहिला प्रश्न. आठवलं नाही की, ‘‘मग जा, बघून ये,’’ म्हणून सरळ दार लावून घ्यायच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई जेसल पार्कात आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. पानभुंग्यांच्या अख्ख्या कुळाची खबर त्यांना सख्ख्या भावकीसारखी असायची.

त्यात टणाटण उड्या मारणारे वेगळे, काटेरी वेगळे, कासवासारखं डोकं लपवणारे वेगळे. पावलाला सांधे मात्र पाच. चौथा इतका बारीक की चारच वाटतात, हीच पानभुंग्यांची खूण. भिंगातून मलाही चारच दिसले, तेव्हा बाई खूश. ‘‘चुकलास ना? म्हणजे भुंगा बरोबर आहे!’’

आमच्या मागच्या भिंतीवरच्या गारवेलीवर सोनेरी कासवभुंगे होते. त्यांच्या अळ्या स्वतःचीच विष्ठा छत्रीसारखी पाठीवर धरून हिंडतात, मुंग्यांना दूर ठेवायला. ‘‘घाण स्वतःची असली की ओझं वाटत नाही,’’ बाई म्हणायच्या. गुडघे गेल्यापासून त्या जेमतेम त्या भिंतीपर्यंतच जाऊ शकायच्या. वेल गेली असती तर बाईंचं सगळं जगच गेलं असतं.

आणि सोसायटीने रंगकामासाठी वेल काढायचं ठरवलं. सेक्रेटरी रमणिकभाईंचा हाटकेशला इमिटेशन दागिन्यांचा गाळा. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी एक भुंगा रमणिकभाईंच्या तळहातावर ठेवला. ते बघतच राहिले आणि बाई नको म्हणत असताना बायकोला दाखवायला अंगठीच्या डबीत घालून घेऊन गेले.

दोन दिवसांनी डबी घेऊन वर आले. ‘‘मॅडम, ये तो काला पड गया! पॉलिश उड गया क्या?’’

‘‘पॉलिश नहीं, रमणिकभाई. वो मर गया. मरने के बाद सोना नहीं रहता. इसीलिए मैंने एक भी डब्बे में नहीं रखा.’’

रंग तीनच भिंतींना लागला.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्यासारखं ठणकावून ‘चुकलास’ म्हणणारं कुणी उरलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्या घरात नवे लोक आलेत. वेलीच्या पानांना भोकं पडलीत, औषध मारा, अशी त्यांची तक्रार. रमणिकभाई त्या घरातल्या गृहस्थांना घेऊन भिंतीपाशी गेले. मीही होतो. सोनेरी भुंगा दिसताच गृहस्थांनी हात पुढे केला, तसं रमणिकभाईंनी त्यांचं मनगट धरलं.

‘‘पकडो मत, भाई. मैंने एक मारा है.’’