आपोआप हलणारा बाण

नोव्हेंबरचा दुसरा बुधवार. पहाटे डेअरीचं शटर उघडलं तेव्हा दोन कामं डोक्यात होती. रोजचं दूध घालून घ्यायचं, आणि शेवटच्या गल्लीतल्या एका बाईला सांगायचं की उद्यापासून तुझं दूध बंद. तिच्याकडं एकच म्हैस. फॅट सतत कमी लागत होता, म्हणजे ती पाणी घालते, असं कमिटीनं ठरवून टाकलं होतं. सेक्रेटरी मी, म्हणून सांगायचं मी.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पलीकडं. दूध जमवून आम्ही बारामतीच्या एमआयडीसीत पाठवतो. कॉम्प्युटर लावला तर पडदा निळा, मधोमध गोल फिरतोय, खाली लिहिलंय की अपडेट चालू आहे, बंद करू नका. बाहेर किटल्यांची रांग. या अपडेटला दिवस आणि वेळ कोण नेमून देतं मला माहीत नाही, पण त्याच्या दारात म्हैस नसणार एवढं नक्की.

मी म्हटलं, तोवर वहीत लिहून घेते. रांगेतला म्हातारा म्हणाला, "पेनाचा फॅट नगं बाई. पेन कुणाचंबी ऐकतं. मशीन न्हाय ऐकत."

"आज मशीनच ऐकंना, तात्या."

"मग थांबतो की. म्हशीनं दिलंय, आता जातंय कुठं."

अपडेट संपलं तर नवीनच रडगाणं. फॅट मशीनचा आकडा वायरीतून आपोआप कॉम्प्युटरला यायचा, तो येईना. बारामतीच्या इंजिनिअरला फोन लावला. हा पोरगा तिकडं बसून आमचा कॉम्प्युटर चालवतो. त्यासाठीचा नंबर आणि पासवर्ड आमच्या अध्यक्षांनी भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवून घेतलेत, दुधाच्या दरपत्रकाखाली, कुणीही फोन केला तरी वाचता यावेत म्हणून. घराची किल्ली दाराला टांगायची आणि वर बाण काढून दाखवायचा, तशातली गत. आणि तो नंबरही आता चालेना. अपडेटनं जुनं सॉफ्टवेअर मोडलं होतं.

"मॅडम, नवीन व्हर्जन डाउनलोड करा. आता यस म्हणा. परत यस."

"किती वेळा म्हणायचं?"

"ते विचारेल तेवढ्या वेळा."

चिकट कीबोर्ड, वर दसऱ्याचं हळदीकुंकू अजून तसंच, बटणांमधे झेंडूच्या पाकळ्या. मी यस म्हणत गेले. शेवटी तो म्हणाला की वायरीचं दुपारी बघू, तोवर मशीनचा आकडा वाचून हातानं टाइप करा. रांगेला ते चाललं. पेन नको, पण बोटं चालतात.

एरवी मी आकड्यांकडं बघतही नाही. मशीन जाळीच्या आत असतं, आकडा परस्पर जातो, आणि सकाळच्या स्लिपा संध्याकाळी एकदम निघतात, रांग तुंबू नये म्हणून. त्या दिवशी मात्र प्रत्येक आकडा माझ्या डोळ्यांतून आणि बोटांतून गेला. अध्यक्षांच्या गड्यानं आणलेल्या दुधाला फॅट पाच पॉइंट नऊ, आमच्या बोलण्यात पाच नऊ. त्यांचा नेहमी सातच्या वर असतो, दरही त्यावरच मिळतो, सभेत त्यांचा सत्कारही झालाय. आणि त्या एका म्हशीवालीला सात एक. मी नमुना पुन्हा लावला. सात एकच. दूध बंदचं तोंडातच ठेवलं.

टँकर लागला तसा पडद्यावर एक चौकट आली, की बारामतीहून अमुक माणूस ताबा मागतोय, परवानगी आहे का? पूर्वी असं काही विचारत नव्हतं. मला वाटलं, वायरीचं बघणार असेल. यस म्हटलं, टँकरवाल्याला कॅन मोजून दिले आणि आत आले.

पडद्यावर माउसचा बाण आपोआप हलत होता. तो यादीत खाली गेला, अध्यक्षांच्या नंबरावर थांबला, पाच नऊ पुसलं आणि सात दोन लिहिलं. मग आणखी खाली, त्या बाईच्या नंबरावर. सात एकचं पाच तीन झालं. माझ्याच खुर्चीसमोर, माझ्याच टेबलावर. मी मागची नेटची वायर उपटली.

लगेच फोन. "मॅडम, कनेक्शन गेलं का?"

"गेलं नाही, मी काढलं. तू काय करत होतास?"

"करेक्शन असतं ते, मॅडम. टँकरच्या टोटलशी मेळ बसावा लागतो ना."

"एकाचा वाढवलास म्हणून दुसरीचा कापून मेळ घालायचा?"

"मला जे सांगतात ते मी करतो."

"कोण सांगतं?"

"तुम्हाला माहितीय, मॅडम," म्हणाला आणि फोन ठेवला. बारामतीत बसलेल्या त्या पोरानं ही बाई कधी बघितलीसुद्धा नसेल. नंबरांच्या यादीतला ज्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही असा नंबर त्याला कुणीतरी सांगितला होता.

दोन्ही आकडे मी होते तसे टाइप केले आणि सगळ्या स्लिपा संध्याकाळची वाट न बघता तिथंच काढल्या. संध्याकाळी अध्यक्ष आले, खुर्चीत बसले, चहा मागवला.

"सांगितलं का तिला?"

"न्हाय सांगितलं, आबा. तिचा सात एक लागलाय."

"एखाद्या दिशी लागतो."

"आज अपडेट झालंय. आता बारामतीहून कुणी आत येताना ते विचारतंय. सकाळी मी इथंच बसले होते, बाण हलताना बघितला."

त्यांनी कप बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायले. "तुमी बायका त्या कॉम्प्युटरचं लईच मनाला लावून घेता," म्हणाले. "दुरुस्त होईल समदं. त्यो पोरगा उद्या येऊन जुनं बसवून देतोय." स्वतःची स्लिप त्यांनी उचलली, न बघता घडी घालून खिशात ठेवली आणि गेले. कपाखाली टेबलावर चहाचा ओघळ तसाच. मी तो पुसला आणि शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेटची वायर काढून पर्समध्ये टाकली. पान्यानं खिडकीची जाळी खोलली आणि फॅट मशीन बाहेर कट्ट्यावर, रांगेकडं तोंड करून मांडलं. किटली आली की आकडा मोठ्यानं वाचायचा, टाइप करायचा, स्लिप तिथंच हातात. ती बाई आली. सात, म्हणून सांगितलं, आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं की हिच्या दुधात पाणी नव्हतं, हिचं दूध चालू राहील. तिनं स्लिप दोनदा वाचली. तिच्यामागं अध्यक्षांचा गडी होता. त्याचा नमुना लावला आणि तोही तेवढ्याच मोठ्यानं वाचला, पाच आठ.