लाल शाई नसलेली वही

खिडकीला लोखंडी गज होते. आत खुर्चीवर सर. बाहेर बोळात, पोत्यावर माझी पोर.

"वही गजाला टेकवून धर," सर म्हणाले. "अजून वर. हां. बरोबर दिसतंय."

तिनं दोन्ही हातांनी वही वर धरली होती. दहावीतली पोर, पहिलीतलं लेकरू पाटी दाखवतं तशी. दिवस कलला होता, बोळात उजेड कमी. सर गजापासून दोन हात लांब. पेन्सिलीच्या बारीक रेघा तेवढ्या लांबून काय दिसणार? ते खुर्चीवरनं उठले नाहीत. त्यांनी हात पुढं केला नाही.

मी बोळाच्या तोंडाशी उभी होते. कॅन्टीनमधून सुटून तशीच आले होते, हाताला पीठ होतं. दोघांचंही माझ्याकडं लक्ष नव्हतं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही साताऱ्यात राहायचो. नवरा लष्करातून पेन्शनीवर आलेला, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. मी दुसऱ्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की समोरचा माणूस पुढचं काही विचारत नाही.

पोरगी सुजाता. तिला दहावीनंतर डिप्लोमाला जायचं होतं. त्याला गणित लागतं, एवढं मला माहीत होतं. शाळेतले गणिताचे सर घरी शिकवणी घ्यायचे. हॉलमध्ये सतरंजीवर वीसेक पोरं बसायची. मी जागा मागायला गेले तर सर म्हणाले, "बॅच भरलीय. पण मुलगी हुशार आहे तुमची. तिला मी एकटीला शिकवीन. पाच वाजता पाठवा, बॅचच्या आधी."

एकटीला. मला वाटलं, असं तर डॉक्टरांच्या पोरांनाच मिळतं. फी जास्त सांगितली तरी मी हो म्हणाले. वस्तीत बायांना सांगितलं, आमच्या सुजाताला सर एकटीला शिकवतात. चार घरं सांगत फिरले. खोटं कशाला बोलू?

मला गणितातलं काही कळत नाही. पण मी रोज तिची वही उघडून बघायची. शेजारणीच्या पोराच्या वहीत सगळीकडं लाल शाई. फुल्या, गोल, शेरे. सुजाताची वही स्वच्छ. मी म्हणायची, "आमच्या पोरीपुढं सरांना लाल पेन उचलायची पाळीच येत न्हाई."

मग सहामाही आली. बीजगणितात बरे मार्क. भूमितीत नापास.

मला काही उमजेना. म्हणून त्या दिवशी लवकर सुटी घेऊन सरांना विचारायला गेले होते. आणि बोळात उभं राहिल्यावर सगळं उमजलं. बीजगणित ती मोठ्यानं वाचून दाखवायची, सर ऐकून चूक सांगायचे. आकृती वाचून दाखवता येत नाही. त्यासाठी वही हातात घ्यावी लागते. सरांनी तिची शिकवणीची वही एकदाही हातात घेतली नव्हती. लाल शाई नव्हती ती त्यामुळं.

मी कुंडलच्या बाजूची. चौथीपर्यंत शाळा. आम्ही दाराजवळ बसायचो आणि गुरुजी आमच्या पाट्या लांबून बघायचे. हे सगळं मी अंगावर काढलेलं. तरी मला ओळखता आलं नाही. या वेळी ते मान दिल्यासारखं आलं, आणि मी पदर पसरून घेतलं.

"सर," मी म्हणाले, "वही हातात घ्या की जरा."

ते दचकले. "अहो, तुम्ही? दिसतंय मला इथून."

"दिसत असतं तर पोरगी नापास झाली नसती."

ते खिडकीजवळ आले. आवाज खाली आणला. "हे बघा, माझं काही नाही. शाळेत मी सगळ्यांच्या वह्या घेतो, तिलाच विचारा. पण घरात आईचं सोवळं असतं. या वयात तिला दुखवून कसं चालेल?"

तेवढ्यात आतून म्हातारी आली. भिंत चाचपत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बुबुळं दुधासारखी. कपाटाकडं तोंड करून म्हणाली, "कोण आलंय रे?"

"कुणी नाही आई. तू आत जा."

कुणी नाही.

"कुणी न्हाई कसं," मी म्हणाले. "पोरीची आई आलीया."

"कुणाची गं तू?" म्हातारीनं विचारलं.

सरच बोलले. "शाळेतली आहे, आई." आणि तिला धरून आत घेऊन गेले. त्या बाईला मी दिसत नव्हते. वही कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, हे तिला कुठनं दिसणार होतं? आईचं नाव पुढं करून मास्तर स्वतःचं सोवळं पाळत होता.

मी सुजाताला म्हणाले, "ऊठ." ती पोत्याची घडी घालून भिंतीशी ठेवायला वाकली. रोजची सवय असल्यासारखं. मी तिचा हात धरला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच."

वाटेत विचारलं, "हे असं कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तू समद्या वस्तीत सांगत सुटलीस. पप्पांनी गेटवर सांगितलं. तुमी दोघं लय खूश होता."

पोरगी पाच महिने पोत्यावर बसली, आमची खुशी मोडू नये म्हणून.

घरी नवरा म्हणाला, "दहावीचं वर्ष हाय. तोच मास्तर शाळेत हाय. गप ऱ्हा."

"बॉर्डरवर उभं ऱ्हायलासा, आन् मास्तरच्या बोळाला भ्यालासा व्हय?"

"तिथं हातात बंदूक हुती," तो म्हणाला.

मी त्याला दोष देत नाही. त्याचं खरं होतं. सुजाताला विचारलं, "अर्ज करू का? तुझं वर्ष हाय, तूच सांग." तिनं दप्तरातून कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "कर. पर नाव घालून कर. निनावी नको."

पुढचं आधीच सांगून टाकते. बोर्डात ती पास झाली, पण भूमितीनं टक्के ओढले. डिप्लोमा हुकला. सर नोकरी संपेपर्यंत त्याच शाळेत होते. गोड शेवट ऐकायला कुणी बसलं असेल तर त्यानं उठावं. मी थकलेय, मला रचून सांगायचा कंटाळा आहे.

अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. सहा-सात ओळी. काय बघितलं, तेवढंच. सकाळी कॅन्टीनला खाडा केला आणि हेडमास्तरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी वाचला. चष्मा काढला.

"बाई, शिकवणी त्यांच्या घरातली. शाळेचा काय संबंध?"

"मास्तर शाळेचा हाय. पोरगी शाळेची हाय."

"मी देतो त्यांना समज. तुम्ही हा कागद घेऊन जा. मुलीचंच नुकसान होईल."

"ते झालंय. कागद हितंच ऱ्हाईल. मला पोच द्या."

"पोच?"

"कागद मिळाला म्हणून सही आन् शिक्का."

त्यांनी क्लार्ककडं बोट दाखवलं. क्लार्क म्हणाला, शिक्का कपाटात आहे, किल्ली सापडत नाही, उद्या या. मी बाहेरच्या बाकावर बसले. तो बाक शिक्षकांचा होता. मधल्या सुटीत सर तिकडनं आले, मला बघितलं आणि उभेच राहिले. मी सरकले नाही.

शिपाई दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मावशे, किती येळ बसणार गं?"

"शिक्का मिळंस्तवर."

"आन् आज न्हाई मिळाला तर?"

"तर उद्या भाकरी बांधून येते," मी म्हणाले. "जा, सांग त्येंना."