कारभारीची अदंत डिस्क

रोहिणखेडचा कारभारी हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. उभ्या आयुष्यात बैलाच्या बाबतीत त्यानं मार खाल्ला नव्हता. ओठ उचलायचा, दात पाहायचे आणि वय सांगून मोकळं व्हायचं. मालक म्हणे चार वर्षांचा, कारभारी म्हणे, "तुह्या आज्याच्या वयाचा हाय बे!" अशा माणसाला हार्ड डिस्क आणायला पाठवायचं नसतं. पण तो ऐकेल तर ना!

झालं असं, की २००७ साली घरचा कॉम्प्युटर किटकिट करायला लागला. सून गीता त्यावर लग्नपत्रिका करायची. ती म्हणाली, "मामाजी, आतली डिस्क जाऊन राह्यली. नवी आणून सारं तिच्यात उतरवा लागते." कारभारीनं लगेच पायात वहाणा सरकवल्या. त्याच्या निवृत्ती नावाच्या पोराच्या लग्नाचं चित्रण त्यातच होतं; सीडी केव्हाच खरचटून गेली होती. आणि मागच्या वर्षी वारलेल्या बायकोचा, मनकर्णाबाईचा, आवाज जगात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

"जुनीसारखीच आना," गीता सांगत होती, तोवर गडी मलकापूरच्या एसटीत चढलाही होता.

दुकानदार इंद्रभाननं विचारलं, "घरी मशीन कोनती हाय, काका?"

"बैल घेतांनी गोठा कोन इचारते? माल दाखव."

इंद्रभाननं एक डिस्क पुढे ठेवली. कारभारीनं ती हातात तोलली, उलटी केली आणि मागच्या बारीक पिना बोटानं मोजल्या. मधोमध एक जागा रिकामी! "अबे, एक दात पडेल हाय!" दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. साऱ्यांचा तोच दात गायब.

"काका, कंपनीतूनच तशी येते."

"मंग कंपनीनंच म्हाताऱ्या पाठोल्या!"

शेवटी नव्या जातीची एक निघाली. पिना नावालाही नाहीत, नुसती चपटी फट. कारभारीचे डोळे चमकले. दातच आले नाहीत म्हणजे अदंत, एकदम कोवळा माल! भाव त्यानं बैलबाजाराच्या रिवाजानं रुमालाखाली बोटं दाबूनच ठरवला. इंद्रभानला गुदगुल्या झाल्या आणि त्यातच तो हरला.

घरी गीतानं कॉम्प्युटर उघडला आणि कपाळावर हात मारला. आतला डिस्क जोडायचा वायरींचा रुंद पट्टा त्या फटीला लागेचना. मग तिनं जुनी डिस्क दाखवली. तिचाही मधला दात नव्हता. पट्ट्याच्या तोंडातलं तेवढंच भोक बुजवलेलं होतं, उलटा बसू नये म्हणून. "मामाजी, ह्या एकाच पट्ट्यावर जुनी-नवी दोघी लागतात. जू हाय हे."

जू म्हटल्यावर कारभारी शरमला. घरच्या बैलाला जोडीदार पाहावा, एकटा बैल पाहू नये, हे तोच तर बाजारभर सांगत फिरे. पट्टा उपरण्यात गुंडाळून तो तसाच मलकापूरला पळाला आणि दात पडलेली डिस्क मिरवत घेऊन आला.

दोघी जुंपल्या. पडद्यावरची हिरवी पट्टी इंचाइंचानं सरकू लागली. जुनी किटकिटली की कारभारी ओरडे, "हर्र! चाल माय, चाल! थोडंच राह्यलं!" गीता हसून हसून खाली बसली. पट्टी एकदाची भरली.

तिनं नव्या डिस्कवरून चित्रण लावलं. मांडवाच्या दारात नवरदेवाची घोडी, आणि तिचा ओठ उचलून आत डोकावणारा कारभारी. मागून मनकर्णाबाईचा खणखणीत आवाज आला, "अहो, घोडीचे दात कायले पाहून राह्यले? नवरी पाहा, नवरी!"

कारभारी हसला आणि हसता हसताच रडायला लागला. तीच नवरी शेजारी फरशीवर पेचकस घेऊन बसली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे वळून म्हणाला, "पाह्यली वं, पाह्यली. सोळा आने हाय."