खंडेनवमीचा ट्रक

आमचे थोरले भावजी मानसिंगराव देवासात ड्रायव्हर घडवतात. वाक्य त्यांचंच. बायपासला लागून असलेल्या त्यांच्या केंद्राच्या भिंतीवर ते हातभर अक्षरांत रंगवून घेतलंय आणि खाली त्यांचा फेट्यातला फोटो लावलाय. देशाला उद्या लाखो वाहनचालक लागणार आणि ते सगळे आपल्याच अंगणातून बाहेर पडणार, असा त्यांचा समज आहे. आजोबा संस्थानाच्या बग्गीखान्यात होते, एवढ्या भांडवलावर हा माणूस जन्मभर टेंभा मिरवत आलाय. आजोबा तिथे घोड्यांना चंदी घालायचे, हे सांगायचं मात्र राहून जातं.

ब्रेक गेलेल्या ट्रकनं आपण धामनोदचा घाट उतरलो, ही त्यांची लाडकी गोष्ट. ते त्या घाटातून एकदाच गेलेत आणि तेही बसनं, खिडकीशी, तोंडाशी पिशवी धरून. आमचे हे शेजारीच बसले होते, म्हणून मला ठाऊक.

केंद्रात ट्रक एकच. जुना आहे, पण रंग असा चकचकीत की त्यात तोंड बघावं. चढायच्या आधी पोरांना चपला काढाव्या लागतात. सकाळी भावजींचं भाषण, मग टाय कसा बांधावा, साहेबापुढे किती हसावं याचा धडा, आणि उरलेल्या वेळात एकेकानं अंगणात एक चक्कर मारायची. रस्त्यावर न्यायचं नाही, ओरखडे पडतात. याला परिवहन क्षेत्राचं भविष्य म्हणतात आणि ते फोटोसकट पेपरात छापून येतं. वाचून मला शिसारी यायची, पण मी गप्प बसायचे, कारण माझी किमया तिथेच शिकत होती.

किमयाला बस चालवायची होती. इंदूरच्या एका कंपनीला बायका ड्रायव्हर हव्या होत्या आणि ट्रायल घ्यायला त्यांचा माणूस केंद्रात येणार होता. इकडे घरात भावजींनी तिच्यासाठी स्थळ काढलं होतं. नोकरी लागली तर ते थांबवायचं, नाहीतर दिवाळीनंतर बोलणी, असं ह्यांनी आणि भावजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

माणूस आला तो नेमका खंडेनवमीला. आमच्यात त्या दिवशी हत्यारं-अवजारं पूजेत मांडतात आणि दसऱ्याला अक्षता टाकून उत्तरपूजा होईपर्यंत ती कुणी हलवत नाही. माझी कात्री, ह्यांचे पाने, सगळं देवापुढे होतं. भावजींनी सकाळीच अख्खा ट्रक पूजेत मांडला होता. चाकांना झेंडू, बॉनेटवर नारळ, काचेवर हळदीकुंकू.

कंपनीचा तो भूपेंद्र म्हणाला, "भिया, मेरे पास आज का ही टाइम है. लड़की को एक राउंड रोड पे मारने दो, मैं निकल जाऊंगा."

"ट्रक पूजा में है," भावजी म्हणाले. "आज नहीं हिलेगा. हमारे यहाँ परंपरा है." आणि दोन्ही हात पसरून ट्रकपुढे उभे राहिले. एवढा निर्धार मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता.

किमया टाय लावून रडवेली उभी होती. भूपेंद्र खिशात मोटारसायकलची किल्ली चाचपायला लागला.

आमच्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं तर दाराआडून, भिंतीला सांगितल्यासारखं. मी तबकातल्या अक्षता उचलल्या, बॉनेटवर टाकल्या आणि नारळ जागचा हलवला.

"उत्तरपूजा झाली," मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले. "भावजी, बाजूला व्हा."

ते झाले. इतक्या लवकर होतील असं मला वाटलं नव्हतं.

किमया वर चढली, भूपेंद्र शेजारी बसला आणि ट्रक फाटकाबाहेर गेला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. पूजेला जमलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी बघू देत होते.

ट्रक परत आला तेव्हा भूपेंद्र चालवत होता. किमया शेजारी मान खाली घालून बसली होती.

"काकीजी, लड़की अच्छी है, डरती नहीं," तो उतरून मला म्हणाला. "पर हाइवे पे दूसरे गियर में ही चल रही थी, पीछे लाइन लग गई. तीसरा डालने गई तो गाड़ी बीच रोड पे बंद. ऐसे बस कैसे दे दूँ?" आणि तो गेला.

अंगणात दुसऱ्या गियरच्या पुढे जायला जागाच नव्हती. भावजी हात पसरून कशाच्या आड उभे होते ते मला तेव्हा कळलं. त्यांनी काय शिकवलंय ते रस्त्यावर दिसू नये, एवढीच ती परंपरा. आणि फाटक मी उघडून दिलं होतं.

भावजी एव्हाना सावरले होते. पोरांना गोळा करून म्हणाले, "बघितलंत? पूजा मोडली की असं होतं." पोरांनी माना डोलावल्या. ह्यांनीसुद्धा.

किमया टाय सोडत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काका, तुम्ही खुद कधी तिसरा टाकलाय क्या?"

भावजींनी फेटा सारखा केला. तिच्याकडे न बघता म्हणाले, "दिवाळीनंतर पाहुणे येतायत. त्यांच्यापुढे असं बोलू नकोस."